त्वचेचा उंबरठा

तेल अंगात जिरते, विष अंगात भिनते. ही दोन क्रियापदे आपण रोज वापरतो, पण त्यांच्यामधील अंतर क्वचितच लक्षात घेतो. जिरणे हे सौम्य आहे. बाळाच्या अंगावर चोळलेले तेल हळूहळू दिसेनासे होते, ते कोठे गेले याची चौकशी कोणी करीत नाही. भिनण्यात मात्र रक्ताचा संबंध येतो. भिनलेली वस्तू सर्वांगभर पोहोचते आणि आपला प्रभाव दाखविल्यावाचून राहत नाही. त्वचेवर लावलेले औषध नुसते जिरते की भिनते, आणि जिरणाऱ्याला भिनायला लावायचे तर काय करावे, हा वैद्यकातील फार जुना प्रश्न आहे. लेझरच्या साहाय्याने त्वचेत औषध पोहोचविण्याची जी पद्धत गेल्या काही दशकांत आकारास आली, ती या प्रश्नाला मिळालेल्या अनेक उत्तरांपैकी एक. तिच्याविषयी लिहिताना बहुतेक लेखक लेझरच्या शोधापासून आरंभ करतात. आम्हांस हा आरंभ अपुरा वाटतो. यंत्र नवे आहे, पण ज्या अडचणीवर ते चालविले जाते ती अडचण नवी नाही.

सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले, चरकाने सहा. सुश्रुतसंहितेत त्वचेत वास करणाऱ्या पित्ताला 'भ्राजक' असे नाव आहे. अभ्यंग, परिषेक, अवगाहन, लेप यांतील द्रव्यांचे पचन हे पित्त करते, अशी ती कल्पना. म्हणजे पोटात जसा जठराग्नी तसा त्वचेतही एक अग्नी, आणि लावलेले द्रव्य तो 'पचवितो'. शरीरशास्त्राच्या आजच्या कसोटीवर ही कल्पना टिकणारी नाही हे उघड आहे. पण तिच्यात एक निरीक्षण दडलेले आहे: त्वचा हे नुसते आवरण नव्हे, बाहेरून आलेल्या द्रव्याशी ती काही तरी व्यवहार करते.

त्याहून लक्षणीय उदाहरण शार्ङ्गधरसंहितेतले. तेथे 'सूचिकाभरण' नावाचा एक रस येतो. सुईच्या अग्रावर मावेल एवढीच त्याची मात्रा, म्हणून हे नाव. संनिपाताने शुद्ध हरपलेला रोगी तोंडाने औषध घेऊ शकत नाही. अशा वेळी टाळूवर वस्तऱ्याने त्वचा किंचित छेदावी आणि त्या जागी हे विषयुक्त औषध बोटाने चोळावे, म्हणजे ते रक्ताशी मिळते, असा विधी आहे. या औषधाने रोगी बरे होत असत असे आमचे म्हणणे नाही. पारा आणि विष यांचे ते मिश्रण आज कोणी कोणास देऊ नये हेच बरे. आमचे लक्ष कृतीकडे आहे. नुसत्या लेपाने काम होणार नाही, वरचा थर ओलांडला पाहिजे, आणि त्यासाठी लहानशी जखम पुरेशी आहे, हे त्या ग्रंथकाराला ठाऊक होते.

जखम किती लहान असावी, याचे सर्वांत काटेकोर वर्णन मात्र आम्हांला एका इंग्रजाच्या लेखणीतून मिळते. जॉन झेफनाया होल्वेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी व शल्यवैद्य. कलकत्त्याच्या अंधारकोठडीच्या हकिकतीमुळे त्याचे नाव आपल्याकडे फारसे आदराने घेतले जात नाही, आणि त्या हकिकतीतील अतिशयोक्तीविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पण १७६७ साली लंडनमध्ये त्याने एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. बंगालमधील ब्राह्मण टिकेदार देवीचा टिका कसा देतात याचे ते वर्णन आहे. टिकेदार प्रथम दंडाची जागा कोरड्या फडक्याने आठ-दहा मिनिटे घासतो. मग एका लहान हत्याराने, एका छोट्या चांदीच्या नाण्याएवढ्या जागेत, अनेक हलके टोचे देतो. रक्त जेमतेम दिसू लागावे, इतकेच. नंतर आदल्या वर्षीच्या देवीचा स्राव शोषलेला कापसाचा लहानसा बोळा गंगाजलाच्या दोन-तीन थेंबांनी भिजवून त्या जागी ठेवतो, वर सैलसर पट्टी बांधतो आणि ती सहा तास हलवू नये अशी ताकीद देतो.

या वर्णनातील प्रत्येक तपशील अर्थपूर्ण आहे. आधी कोरडे घर्षण, म्हणजे वरचा मृत थर विरळ करणे. मग एकच खोल घाव न घालता लहानशा जागेत पुष्कळ उथळ टोचे. मग द्रव्य ओले करून जागेवर धरून ठेवणे, आणि त्यासाठी ठरावीक वेळ. येथे दिले जात होते ते औषध नव्हे, जिवंत रोगबीज होते. त्यातून कधी खरी देवी उद्भवून माणसे दगावतही आणि साथही पसरे. हा भेद विसरून टिकेदाराला आधुनिक शास्त्रज्ञ ठरविण्याचा मोह आपल्याकडे अलीकडे फार बळावला आहे. आम्ही त्यात पडू इच्छीत नाही. पण टोचण्याचे तंत्र म्हणून पाहिले तर अडीचशे वर्षांनंतरच्या प्रयोगशाळांना जे नियम पुन्हा शोधून काढावे लागले, त्यांतील बरेचसे या दंडावरच्या नाणेभर जागेत आढळतात.

पुढे जेन्नरची लस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने दंडादंडांवरून प्रवास करीत आलेली ती लस हिंदुस्थानात रुजली. टोचण्याची रीत तीच राहिली, द्रव्य बदलले. आपल्याकडे लोकांनी शब्दही जुनाच ठेवला. लस टोचायला येणारा 'देवी काढायला' येई.

युरोपात हीच युक्ती वेदनाशमनासाठी वापरण्याची कल्पना १८३६ साली लाफार्ग या फ्रेंच डॉक्टरला सुचली. लस टोचावी तशी मॉर्फीनमध्ये बुडविलेली शस्त्राची टोके तो त्वचेत टोची. मात्र लवकरच एक अधिक सोपे साधन आले. डब्लिनच्या फ्रान्सिस रिंडने १८४४ मध्ये पोकळ नळीतून त्वचेखाली औषध सोडले, आणि १८५३ च्या सुमारास एडिंबरोचा अलेक्झांडर वुड व लिआँचा शार्ल प्राव्हाझ यांनी पोकळ सुईची पिचकारी वापरात आणली. सुईने प्रश्न सोडविला नाही, त्याला वळसा घातला. उंबरठ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा भिंतीला भोक पाडून थेट माजघरात उतरण्यासारखे हे झाले. त्यामुळे त्वचा औषधाला का अडविते, हा प्रश्न जवळजवळ शतकभर मागे पडला.

अगदीच विसरला गेला असे नाही. १८७७ साली फ्लायशर या जर्मन वैद्याने त्वचा पूर्णपणे अभेद्य आहे असे ठासून सांगितले. १९०४ मध्ये श्वेंकेनबेखरने त्यात दुरुस्ती केली: स्निग्ध पदार्थांत विरघळणारी द्रव्ये आत जातात, पाण्यात विरघळणारी सहसा जात नाहीत. फ्रान्समध्ये स्तेफान लेद्यूकने सशांवर एक निर्दय पण निर्णायक प्रयोग केला. विजेच्या एका ध्रुवाखाली स्ट्रिक्नीन ठेवले तर ससा आचके देऊन मरे, ध्रुव उलट केले तर तेच विष तेथेच राही आणि सशाला काही होत नसे. औषधाला विजेने ढकलता येते हे त्यातून सिद्ध झाले. ज्यांनी कोणताही प्रयोग योजला नव्हता अशा माणसांनीही या ज्ञानात भर घातली. डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांचे दर सोमवारी डोके ठणके. रविवारच्या सुट्टीत शरीराची सवय मोडे, आणि सोमवारी हातांच्या कातडीतून व श्वासातून शिरलेले नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या पुन्हा फुलवी. हेच द्रव्य पुढे हृदयशूळावरील मलमात आणि पट्टीत आले. त्वचेच्या पारगम्यतेचा तो धडा आधी मजुरांच्या कपाळांनी गिरविला होता.

अडथळा नेमका कोठे आहे? अमेरिकेत बर्च आणि विन्सर यांनी १९४४ साली काचकागदाने त्वचेचा वरचा थर घासून काढला, तेव्हा तिच्यातून पाणी मुक्तपणे जाऊ लागले. म्हणजे सारा प्रतिकार सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात होता. याला शृंगस्तर म्हणतात. शिंगांत, नखांत, केसांत असते तेच केराटिन त्यात असते. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी दहा ते वीस मायक्रॉन, म्हणजे या लेखाचे कोणी छापील पान काढले तर त्या कागदाच्याही पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढी. 'गेंड्याची कातडी' म्हणून आपण ज्याची हेटाळणी करतो त्याच्याहून पुष्कळ पातळ असा हा पापुद्रा माणसाला वाळून मरण्यापासून वाचवितो. बोस्टनच्या आयर्विन ब्लँकने १९५२ मध्ये पायाच्या तळव्यावरील घट्ट्याचे तुकडे घेऊन दाखविले की हा थर तेलाने नव्हे, पाण्याने मऊ होतो. पुढे त्याची रचना विटा आणि चुना या उपमेने समजावली जाऊ लागली. मृत पेशी या विटा, त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. ज्याला आत जायचे त्याला या चुन्यातून वाट काढावी लागते.

ती वाट कोणाला मिळते याचे गणितही मांडले गेले. २००० साली बॉस आणि माइनार्डी यांनी एक ढोबळ नियम सांगितला: ज्याचा रेणूभार सुमारे पाचशे डाल्टनपेक्षा अधिक, ते द्रव्य अखंड त्वचेतून सहसा जात नाही. निकोटिन १६२, फेंटानिल ३३६. यांच्या पट्ट्या झाल्या. प्रवासातील मळमळीवर कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी अमेरिकेत १९७९ मध्ये मान्य झाली, तीही याच मर्यादेच्या आतली. इन्शुलिनचा भार मात्र सुमारे ५,८०० आहे, आणि रोज सुई टोचून घेणारा मधुमेही पट्टीची वाट पाहत आजही थांबलेलाच आहे.

लेझरने या कथेत प्रवेश केला तो औषधाचा वाटाड्या म्हणून नव्हे. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. सिनसिनाटीचा त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन याने काही वर्षांतच तो गोंदण पुसण्यासाठी वापरून पाहिला. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेझर सिद्ध झाला. तो करणारे सी. कुमार एन. पटेल हे १९३८ साली बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेस गेलेले. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव इतके दुर्मिळ का असावे, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही. या लेझरचा १०,६०० नॅनोमीटर लांबीचा किरण पाणी अधाशीपणे शोषून घेते. जिवंत पेशीत मुख्यतः पाणीच असल्यामुळे तो जेथे पडेल तेथील ऊतीची क्षणार्धात वाफ होते. पुढे आलेल्या अर्बियमच्या लेझरचा २,९४० नॅनोमीटरचा किरण पाण्यात याहूनही उथळच शोषला जातो. त्यामुळे छिद्र स्वच्छ पडते, भोवती करपलेली कड कमी उरते.

वाट काढण्यासाठी या किरणाचा पहिला महत्त्वाचा उपयोग १९८७ सालचा. स्टीव्हन जॅक्स आणि त्यांचे सहकारी यांनी मानवी त्वचेच्या नमुन्यांवर १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेझरचे स्पंद टाकून शृंगस्तर टप्प्याटप्प्याने सोलून काढला. पाणी आत शिरण्याचा वेग शंभर पटींहून अधिक वाढला. त्या निबंधाच्या लेखकांत आयर्विन ब्लँक यांचे नाव आहे. घट्ट्यांचे तुकडे भिजवून पाहणाऱ्या अभ्यासकाला पस्तीस वर्षांनी तोच थर प्रकाशाने उतरलेला पाहायला मिळाला. विज्ञानाच्या इतिहासात अशी दीर्घ सोबत फार थोड्यांच्या वाट्याला येते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नेल्सन आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या त्वचेवर असाच प्रयोग करून हायड्रोकॉर्टिसोन आणि इंटरफेरॉन अधिक प्रमाणात आत जाते हे दाखविले. इंटरफेरॉन हे प्रथिन, पाचशेच्या नियमाने दारातूनच परत पाठवावे असे.

तरीही या पद्धतीला व्यवहारात स्थान नव्हते. सबंध पृष्ठभाग सोलायचा म्हणजे सबंध पृष्ठभागाची जखम. ती भरायला दिवस लागतात, जंतूंची भीती, डाग पडण्याची भीती. ही कोंडी फुटली ती २००४ मध्ये. बोस्टनच्या मॅन्स्टीन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी लेझरचा एकच झोत विभागून त्वचेवर सूक्ष्म ठिपक्यांची जाळी उमटविली. प्रत्येक ठिपक्याभोवती धडधाकट त्वचा शाबूत राहते आणि तीच शेजारची लहान जखम भरून काढते. त्यांचा हेतू सुरकुत्यांचा होता, औषधाचा नव्हे. पण जाळीदार छिद्रे म्हणजे जाळीदार वाटा, हे ओळखायला फार काळ लागला नाही. कोपनहेगनच्या मेरेट हेडर्सडाल यांनी बोस्टनच्या गटासमवेत २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइड लेझरने डुकरांच्या त्वचेत सुमारे १.८ मिलिमीटर खोल शंकूसारखी छिद्रे पाडली आणि त्यांवर प्रकाशोपचाराचे एक मलम लावले. एरवी पृष्ठभागाशी रेंगाळणारे ते औषध छिद्रांच्या तळापर्यंत आणि तेथून आजूबाजूच्या पेशींत पोहोचले. याच कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करी आणि त्यासाठी त्याला १९०३ चे नोबेल मिळाले. प्रकाश खोल जावा म्हणून तो स्फटिकाचे भिंग त्वचेवर दाबून तेथील रक्त बाजूला सारी. तेव्हा प्रकाश हा पाहुणा होता आणि त्याला वाट हवी होती. शंभर वर्षांनी तोच वाट करून देऊ लागला.

यानंतरचा एक निष्कर्ष आम्हांला विशेष उद्बोधक वाटतो. छिद्रे जितकी खोल तितके औषध अधिक, असा सर्वांचा अंदाज होता. २०१२ मध्ये हाक, हेडर्सडाल आदींनी याच मलमाबाबत तपासून पाहिले, तर छिद्रांच्या खोलीने विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो मलम त्वचेवर किती वेळ ठेवले त्याने. उंबरठा एकदा ओलांडला की खोल घाव व्यर्थ, वेळ देणे महत्त्वाचे. होल्वेलच्या टिकेदाराची 'रक्त जेमतेम दिसावे' ही मर्यादा आणि सहा तासांची पट्टी येथे आठवल्यावाचून राहत नाही. दोहोंत परंपरेचा कोणताही धागा नाही. एकाच भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या दोन माणसांनी तिच्याशी जुळवून घेतले, एवढेच.

आता वाटेची दुसरी बाजू. उघडलेले दार कोण आत येतो हे विचारीत नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन तरुणींच्या मृत्यूची नोंद घेत इशारा दिला. लेझरने केस काढून घेण्यापूर्वी वेदना होऊ नये म्हणून त्यांनी पायांवर बधिरीकरणाचे तीव्र मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळले होते. तेथे छिद्रे पाडलेलीच नव्हती, नुसत्या झाकण्याने औषध एवढे भिनले की झटके आले, शुद्ध हरपली आणि मृत्यू ओढवला. मग छिद्रे पाडलेल्या त्वचेवर तेच मलम मोठ्या भागात लावले तर काय होईल याची कल्पना करता येते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात तीन स्त्रियांच्या चेहऱ्यावर गाठी उठल्याचे वर्णन आहे. बारीक सुया फिरविल्यानंतर त्यांच्या त्वचेवर सौंदर्यप्रसाधने लावली होती, त्यांत 'क' जीवनसत्त्वाचे द्रावणही होते. ती द्रव्ये त्वचेवर ठेवण्यासाठी बनविलेली असतात, त्वचेत उतरविण्यासाठी नव्हे. त्यांतील सुगंध, रंग, टिकविण्याची रसायने शृंगस्तराच्या बाहेर निरुपद्रवी राहतात, कारण तो थर त्यांना अडवून धरतो. सौंदर्यसेवा विकणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर 'खोलवर पोषण' हे शब्द आम्ही वाचतो तेव्हा आम्हांला हा अडवणारा थर आठवतो. ज्याला आपण अडथळा म्हणून हिणवीत आलो, तो पहारेकरी होता.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्वचेच्या रंगाची जी प्रमाण श्रेणी त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती बोस्टनच्याच टॉमस फिट्झपॅट्रिकने १९७५ मध्ये गोऱ्या रोग्यांसाठी आखली होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या पायऱ्या तिला मागाहून जोडल्या गेल्या. लेझरच्या इजेनंतर त्वचा काळवंडण्याचा धोका याच मागाहून जोडलेल्या पायऱ्यांवर सर्वाधिक असतो. बोस्टन किंवा कोपनहेगनच्या रोग्यांवर ठरविलेली शक्ती आणि छिद्रांची दाटी जशीच्या तशी सोलापूरच्या रोग्यावर लावता येत नाही, हे चांगले डॉक्टर जाणतात. दाटी कमी ठेवावी लागते, दोन बैठकींमध्ये अंतर अधिक ठेवावे लागते. ते न जाणणाऱ्यांच्या हातीही हीच यंत्रे आहेत.

मग हा सारा खटाटोप कशासाठी? आमच्या मते त्याचे सर्वांत सबळ उत्तर सुरकुत्यांत नाही, भाजल्याच्या व्रणांत आहे. स्टोव्हच्या भडक्याने, उकळत्या पाण्याने, पेटलेल्या पदराने भाजलेली माणसे, आणि त्यांत बायका किती, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. जखम भरते, पण व्रण जाड, ताठ होतो. कोपर सरळ होत नाही, हनुवटी छातीशी खेचली जाते. अशा व्रणात स्टेरॉइड सुईने भरण्याची रीत जुनी आहे. पण दगडासारख्या व्रणात सुई शिरताना होणारी वेदना मोठी आणि औषध एका जागी गोळा होण्याची भीतीही असते. जेथे ते साचेल तेथे त्वचा खचते. २०१३ मध्ये फ्लोरिडाच्या जिल वाइबेल आणि सहकाऱ्यांनी पंधरा रोग्यांच्या व्रणांवर लेझरने छिद्रांची जाळी पाडून लगेच ट्रायॲम्सिनोलोनचे द्रावण वरून ओतले. व्रण मऊ आणि सपाट झाले. रंगातील फरक मात्र सर्वांत कमी सुधारला. रोगी थोडे होते, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि छिद्रे पाडल्यानेही व्रण सैल होतो, तेव्हा श्रेय औषधाचे किती व जाळीचे किती हे त्या एका अभ्यासावरून ठरत नाही. वापरलेले द्रावणही सुईने देण्यासाठी तयार केलेले, छिद्रांतून झिरपण्यासाठी नव्हे. डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर वापरतात. छिद्र ताजे असतानाच ते ओतावे लागते, कारण पाझरलेल्या द्रवाने आणि गोठलेल्या रक्ताने वाट काही तासांतच बुजू लागते, आणि पुढच्या दिवसांत नवी त्वचा तिच्यावर आपला पापुद्रा पुन्हा विणून घेते.